दोर तुटला तर? : लिफ्टवाल्या ओटिसची गोष्ट

संपादक मंडळाने माझ्याकडे सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चाचा आढावा मागितला होता. तो मी दिला आहे आणि याच अंकात तो असेल. पण नऊ वर्षं खजिनदारकी केल्यावर एक नोंद अशी उरली आहे की ती कुठल्याच ताळेबंदात बसत नाही. ती आपल्या लिफ्टबद्दल आहे. ती नीट सांगायची तर आधी एलिशा ग्रेव्ज ओटिस या अमेरिकन कारागिराची गोष्ट सांगितली पाहिजे. त्याला जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली. वाचकांनी थोडा धीर धरावा, गोष्ट शेवटी आपल्या ए विंगच्या दारातच येऊन थांबते.

सोसायटीला बारा वर्षं झाली तेव्हा लिफ्टच्या मोठ्या दुरुस्तीचं कोटेशन आलं. मुख्य दोर बदलणे, दरवाज्यांचे रोलर बदलणे, अशी यादी होती. त्यात एक ओळ होती, गव्हर्नर रोप बदलणे. मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. कोटेशन आलं की हातात लाल पेन येतंच. मी मेकॅनिकला विचारलं, हा दोर किती वजन उचलतो? तो म्हणाला, काहीच नाही. वजन मुख्य दोरांवर असतं, हा नुसता फिरतो. मग काय, मी त्या ओळीवर लाल रेघ ओढली. वजनच उचलत नाही तो दोर बदलायचा कशाला? सिंकिंग फंडात तेव्हा फार शिल्लक नव्हती, आणि चार पैसे वाचवले याचं मला समाधानही वाटलं.

आपले तेव्हाचे सेक्रेटरी गिरणीच्या मेंटेनन्स खात्यात आयुष्य घालवलेले. त्यांनी ती रेघ मान्य केली नाही. कमिटीत वाद झाला, मतदान झालं आणि मी एका मताने हरलो. दोर बदलायचं ठरलं. मी म्हटलं, माझा विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. तो नोंदवला गेला. पुढे सात महिन्यांनी जे झालं ते जुन्या सभासदांना आठवत असेल. त्यानंतर मी ग्रंथालयात जाऊन लिफ्टवर मिळेल ते वाचायला लागलो, आणि तिथे मला हा ओटिस भेटला.

आपल्याकडे थोरांना अहोजाहो करायची रीत आहे. पण याच्याबरोबर इतके दिवस काढल्यावर मला त्याला एकेरीत हाक मारावीशी वाटते, राग नसावा.

ओटिसचा जन्म ३ ऑगस्ट १८११ चा. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचं डोंगराळ राज्य आहे, तिथल्या हॅलिफॅक्स गावाजवळच्या शेतावर तो जन्मला. सहा भावंडांतला शेंडेफळ. वडील शेतकरी, गावात मान असलेले. शेतीत याचं मन रमलं नाही. शेतावरच्या अवजारांत मात्र रमलं. विशीच्या उंबरठ्यावर त्याने घर सोडलं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय या गावी गेला. तिथे पाच वर्षं बांधकामाची कामं केली, मग घोडागाडीतून मालाची ने-आण केली. १८३४ मध्ये सुसान हॉटन हिच्याशी लग्न झालं. चार्ल्स आणि नॉर्टन हे दोन मुलगे झाले.

इथून पुढची दहा-पंधरा वर्षं म्हणजे अपयशाची यादीच आहे. ट्रॉयमध्ये असताना न्यूमोनियाने तो मरता मरता वाचला. साठवलेल्या पैशांतून त्याने व्हरमाँटमध्ये ग्रीन नदीच्या काठी जमीन घेतली आणि पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी स्वतः बांधली. गिरणी चालेना. तिची त्याने लाकूड कापायची गिरणी केली. तिलाही गिऱ्हाईक मिळेना. मग घोडागाड्या आणि बग्ग्या बनवायला लागला. त्यात हात चांगला होता, पण एवढ्यात १८४२ मध्ये सुसान वारली. मोठा मुलगा सात-आठ वर्षांचा, धाकटा अगदीच लहान. दोन आईविना पोरं, स्वतःची तब्येत तोळामासा आणि धंदा जेमतेम.

१८४५ मध्ये दुसरं लग्न करून तो ऑल्बनी शहरात आला आणि पलंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मुख्य यंत्र-कारागीर म्हणून लागला. पलंगाच्या लाकडी दांड्या तिथे कातल्या जात. काम वेळखाऊ. ओटिसने त्यासाठी आपोआप कातणारं यंत्र तयार केलं, त्यावर काम आधीच्या चौपट वेगाने व्हायला लागलं. मालक खूश झाला आणि त्याने पाचशे डॉलर बक्षीस दिले. त्या काळी ही रक्कम मोठी. तिच्या जोरावर ओटिसने स्वतःचा छोटा कारखाना काढला. यंत्रं चालायची ती शेजारच्या ओढ्याच्या पाण्यावर. जरा बरे दिवस येतात तोच ऑल्बनी शहराने पिण्याच्या पाण्यासाठी तो ओढाच वळवून घेतला. पाणी गेलं, यंत्रं थांबली, कारखाना बंद.

मी कर्ज खात्यात पुष्कळ वर्षं होतो. चाळिशीतला माणूस, तीन धंदे बुडालेले, चौथा ओढ्याबरोबर वाहून गेलेला, हिशेबाचं अंग बेताचं, आणि डोक्यात सतत नवीन यंत्रं. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी काय शेरा मारला असता हे सांगायला नको. त्या यंत्रांपैकी एक मात्र लक्षात ठेवण्यासारखं. आगगाडीच्या डब्यांचा सुरक्षित ब्रेक त्याने शोधला होता, आणि १८५२ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. वेगात असलेली वस्तू धोका न होता थांबवायची कशी, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हापासून होता.

१८५१ मध्ये तो न्यू जर्सीत आणि तिथून हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी गेला. एका बंद पडलेल्या लाकूड गिरणीत पलंगांचा कारखाना उभा करायचा होता. जुनी-नवी अवजड यंत्रं, लाकडं आणि सगळा पसारा वरच्या मजल्यावर चढवायचा होता. त्यासाठी दोराला टांगलेला पाळणा हवा.

आता असा पाळणा काही नवा नव्हता. वजन वर ओढणं हे माणसाला हजारो वर्षांपासून येतं. आपल्याकडे मोट होती, रहाट होता. माझं लहानपण वाड्यात गेलं. विहिरीवर रहाट होता. भरलेला पोहरा ओढायला ताकद लागते हे खरं, पण आई आम्हाला शिकवायची ते पोहरा सोडायला. रिकामा पोहरा नुसता सोडून दिला तर रहाट गरगर फिरतो, दोर चाकावरून उतरतो आणि पोहरा विहिरीच्या कडेवर आपटून पोचा पडतो. म्हणून दोर दोन्ही तळव्यांतून थोडा थोडा सरकू द्यायचा. हाताला चटका बसायचा, पण पोहरा अलगद पाण्याला टेकायचा. खाली येणाऱ्या वजनाचा वेग ताब्यात ठेवणं हीच खरी कला. ती हाताने पोहऱ्यापुरती जमते. पाळण्यात माणूस उभा असेल आणि दोरच तुटला, तर कोणाचे तळवे पुरणार?

त्या काळच्या कारखान्यांत आणि गोदामांत पाळण्यांचे दोर तुटत, आणि माणसं मरत वा जायबंदी होत. म्हणून शहाणे लोक पाळण्यातून जायचे नाहीत, माल तेवढा पाठवायचे. दोर जाड करा, मजबूत करा, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. ओटिसने प्रश्न उलटा धरला. दोर कधी ना कधी तुटणारच असं त्याने गृहीत धरलं. तुटल्यावर पाळणा खाली न जाता तिथेच अडकला पाहिजे, आणि तोही कोणी काही न करता. कारण त्या क्षणी काही करायला कोणाला सवडच नसते.

त्याने केलं ते असं. घोडागाडीच्या खाली कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या असतात. ट्रकच्या चाकांवर आपण त्या आजही बघतो. तशी एक कमान त्याने पाळण्याच्या माथ्यावर बसवली आणि दोर थेट पाळण्याला न बांधता कमानीच्या मध्यभागी बांधला. पाळण्याच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या मार्गदर्शक खांबांना करवतीसारखे दाते ठेवले. पाळणा दोराला लटकलेला असतो तोवर त्याच्या वजनाने कमान ताणून वाकलेली राहते, तिची टोकं आत ओढलेली असतात आणि दात्यांना लागत नाहीत. दोर तुटला की ताण गेला. कमान फटकन सरळ होते, तिची टोकं बाहेर येतात आणि दोन्हीकडच्या दात्यांत घुसतात. पाळणा चार बोटं खाली येतो न येतो तोच अडकतो. ज्या वजनाने पाळणा पडायचा तेच वजन त्याला दात्यांत घट्ट रुतवून ठेवतं. बग्ग्या बनवायचा बुडालेला धंदा इथे कामाला आला, असं मला नेहमी वाटतं.

गंमत अशी की ओटिसला स्वतःला याचं काही विशेष वाटलं नाही. त्याने पेटंट घेतलं नाही, कुठे गवगवाही केला नाही. याँकर्सचा कारखानाही पुढे डबघाईला आला. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याने तेव्हा सगळी अमेरिका तिकडे धावत होती. ओटिसनेही तिकडेच जायचं ठरवलं होतं. एवढ्यात न्यूयॉर्कच्या एका फर्निचर कारखानदाराची मागणी आली. त्याच्याकडे पाळण्याचा अपघात झाला होता, त्याला ओटिसचे दोन सुरक्षित पाळणे हवे होते. ओटिसने कॅलिफोर्नियाचा बेत सोडला आणि १८५३ मध्ये याँकर्सलाच पाळण्यांचा कारखाना काढला. मुलगे मदतीला होतेच.

त्यानंतर कित्येक महिने मागणीच नाही. माल चांगला आहे, पण पटवायचं कसं? जो अपघात झालाच नाही तो टळला हे गिऱ्हाइकाला दाखवणार कसं? बँकेत विम्याची पॉलिसी गळ्यात मारताना आम्हालाही हीच अडचण यायची.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. लंडनच्या धर्तीवर काचेचा आणि लोखंडाचा भव्य क्रिस्टल पॅलेस उभारला होता. १८५४ मध्ये ओटिसने तिथे आपला पाळणा उभा केला. खोकी, पिंपं असा माल पाळण्यात भरला आणि मालाबरोबर स्वतः चढून उभा राहिला. पाळणा लोकांच्या डोक्यांवर उंच नेला गेला. खाली गर्दी जमली. मग ओटिसने वरून हुकूम दिला आणि माणसाने पाळण्याचा एकमेव दोर कापून टाकला. गर्दीचा श्वास अडकला. पाळणा जेमतेम काही इंच खाली आला आणि थांबला. ओटिसने डोक्यावरची टोपी काढून सगळं सुरक्षित असल्याचं लोकांना सांगितलं. हा प्रयोग त्याने पुन्हा पुन्हा केला.

या प्रसंगाला कोणी जाहिरातबाजी म्हणेल. मला तो तारण ठेवण्याचा प्रकार वाटतो. आम्ही कर्जदाराकडे विचारायचो, यात तुमचे स्वतःचे किती? ओटिसने त्या पाळण्यात स्वतःचा जीव ठेवला होता, आणि घरी दुसरी बायको आणि दोन मुलगे होते.

त्यानंतर मागण्या हळूहळू यायला लागल्या. आधी मालाच्या पाळण्यांच्याच. मग २३ मार्च १८५७ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर चिनी मातीची भांडी आणि काचसामान विकणाऱ्या हॉवाउट यांच्या पाच मजली दुकानात गिऱ्हाइकांसाठी लिफ्ट सुरू झाली. ती वाफेवर चालायची. वेग मिनिटाला सुमारे १२ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या साध्या लिफ्टच्याही तिसरा हिस्सा. जिना चढून गेलेला माणूस आधी पोचला असता! पण माणसांनी रोज चढण्या-उतरण्यासाठी बसवलेली सुरक्षित लिफ्ट म्हणून तिचं नाव इतिहासात आहे. ती इमारत अजून उभी आहे.

ओटिसचा स्वभाव काही बदलला नाही. लिफ्टचा धंदा जरा स्थिरावतोय तोवर त्याने वाफेच्या नांगराचं पेटंट घेतलं, पाव भाजायच्या भट्टीचं घेतलं. लिफ्टसाठी मात्र त्याने एक महत्त्वाचं काम केलं. पूर्वी कारखान्यातल्या सामाईक इंजिनावरून पट्टा आणून पाळणा चालवत. ओटिसने लिफ्टला स्वतःचं छोटं वाफेचं इंजिन दिलं. त्याच्या झडपेने वर, खाली आणि थांबा हे तिन्ही हुकूम पटकन देता येत. त्यामुळे लिफ्ट चढण्याइतकीच उतरण्यातही माणसाच्या ताब्यात आली. याचं पेटंट त्याला १५ जानेवारी १८६१ ला मिळालं.

आणि त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, ८ एप्रिल १८६१ ला याँकर्स इथे घटसर्पाने तो वारला. वय ४९. चारच दिवसांनी अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. गगनचुंबी इमारती त्याने पाहिल्या नाहीत. आपल्या नावाचा पुढे काय पसारा होणार याची त्याला कल्पना येणंही शक्य नव्हतं.

चार्ल्स आणि नॉर्टन या मुलांनी धंदा पुढे नेला, आणि वडिलांपेक्षा नेटका नेला. १८७३ पर्यंत त्यांच्या दोन हजार लिफ्ट चालू होत्या. नॉर्टन पुढे याँकर्सचा महापौर झाला, अमेरिकेच्या संसदेतही निवडून गेला. १८८९ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिरक्या पायांतून चढणाऱ्या लिफ्टचं काम या कंपनीने केलं. १८९२ मध्ये कोलकात्याच्या तेव्हाच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे पुढच्या राजभवनात, तिची लिफ्ट बसली.

लिफ्टने घरांची किंमतच उलटी केली. त्यापूर्वी परदेशातही पाच-सहा मजल्यांच्या वर कोणी बांधत नसे, आणि सगळ्यांत वरचा मजला म्हणजे गरिबाची खोली. जिने चढायचे म्हणून भाडं कमी. लिफ्ट आल्यावर वरचा मजला हवेशीर आणि महाग झाला. आपल्यापैकी वरच्या मजल्यांवरच्या सभासदांनी बिल्डरला चौरस फुटामागे फ्लोअर राइज मोजला आहे. ओटिस नसता तर बिल्डरने त्याबद्दल उलट सूट दिली असती.

आता ज्या दोराने मी सुरुवात केली त्याकडे येतो.

ओटिसच्या कमानीत एक उणीव होती. ती दोर तुटला तरच काम करायची. पण समजा दोर शाबूत आहे आणि वरचा ब्रेकच घसरला, तर? दोरावर ताण तसाच राहतो, कमान वाकलेलीच राहते आणि पाळणा वेगाने खाली जातो. म्हणजे दोर तुटला का हे बघून भागत नाही, वेग किती आहे हे बघायला हवं. ओटिसनंतरच्या पिढीने लिफ्टला ही जोड दिली. तिचं नाव गव्हर्नर. कल्पना जुनी होती. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाचा वेग आवरायला गोळ्यांचा गव्हर्नर वापरला होता.

आपल्या गच्चीवरच्या मशिन रूममध्ये मोठ्या यंत्राशेजारी एक लहानसं चाक आहे. त्यावरून एक बारीक दोर जातो, खाली खड्ड्यातल्या चाकाला वळसा घालून परत वर येतो, आणि लिफ्टच्या डब्याला एका खटक्यापाशी जोडलेला असतो. डबा जितक्या वेगाने जातो तितक्याच वेगाने हा दोर आणि ते चाक फिरतं. चाकात दोन वजनं आहेत. फुगडी घालताना वेग वाढला की मुलींच्या वेण्या बाहेर फेकल्या जातात, तशी वेग वाढला की ही वजनं बाहेर फेकली जातात. नेहमीच्या वेगात काही होत नाही. वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, ही मर्यादा नेहमीच्या वेगाहून निदान पंधरा टक्के जास्त ठेवतात, की वजनं खटका पाडतात. चिमटा तो बारीक दोर पकडून धरतो. दोर थांबला, डबा मात्र खाली चाललेला. मग थांबलेला दोर डब्याचा खटका वर ओढतो, आणि डब्याखालच्या पाचरी दोन्ही बाजूंच्या रुळांवर आवळल्या जातात. वेगवान लिफ्टमध्ये त्या रुळांवर घासत हळूहळू थांबवतात, आपल्यासारख्या संथ लिफ्टमध्ये एकदम. विजेची गरज नाही, माणसाची गरज नाही. तो बारीक दोर वजन उचलत नाही हे मेकॅनिक खरंच सांगत होता. तो फक्त वेग सांगतो.

हा दोर नसला तर काय होतं याचं उदाहरणही आहे. २८ जुलै १९४५ ला दाट धुक्यात एक लष्करी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर आदळलं. त्यात एका लिफ्टचे मुख्य दोर तुटले आणि गव्हर्नरचा दोरही तुटला. त्यामुळे पाचरी आवळल्याच नाहीत. लिफ्ट चालवणारी तरुणी पंचाहत्तराव्या मजल्यावरून तळघरापर्यंत कोसळली. खाली साठलेल्या दोरांच्या वेटोळ्यांवर डबा आपटला म्हणून ती जबर जखमी होऊनही वाचली. असं नशीब एखाद्याचंच.

आपल्याकडे ते भाद्रपदातले दिवस होते. ए विंगमध्ये सातव्या मजल्यावर सत्यनारायण होता. प्रसाद घेऊन आम्ही खाली निघालो. लिफ्टमध्ये पाटी आहे, ६ व्यक्ती, ४०८ किलो. आम्ही सहा मोठी माणसं होतो आणि एकीच्या कडेवर चार वर्षांची मुलगी. पाचव्या मजल्याखाली आलो आणि वीज गेली. वीज गेली की लिफ्ट जागच्या जागी थांबते, हे आपल्याला सवयीने माहीत. त्या दिवशी ती थांबली नाही. अंधारात ती खाली जात राहिली, आणि वेग वाढतोय हे पायाला कळत होतं. कोणी ओरडलंही नाही, एवढाही वेळ नव्हता. मग खाडकन आवाज झाला, गुडघे वाकले, प्रसादाची पातेली सांडली आणि सगळं थांबलं. आम्ही तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये होतो. ती मुलगी अंधारात आईला विचारत होती, आलं का आपलं घर?

पाऊण तासाने आम्हाला बाहेर काढलं. एकाचा गुडघा खरचटला, बाकी कोणाला काही नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मशिन रूममध्ये नेऊन दाखवलं. गिअरबॉक्सचं सील गळून तेल ब्रेकच्या ड्रमवर पसरलं होतं. वीज गेल्यावर ब्रेकने ड्रम आवळला, पण तेलामुळे तो घसरला. लिफ्टच्या दुसऱ्या बाजूला जे वजन टांगलेलं असतं ते रिकामा डबा अधिक साधारण निम्मी माणसं एवढं असतं. आम्ही पूर्ण भरलेलो, म्हणजे आमची बाजू जड. डबा खाली धावला. दोर एकही तुटला नव्हता, तेव्हा ओटिसची कमान असती तरी ती गप्प बसली असती. आम्हाला थांबवलं ते त्या बारीक दोराने. गव्हर्नरच्या चिमट्यात तो नवा दोर तेव्हाही पकडलेला होता. सात महिन्यांपूर्वी काढलेला जुना दोर कोपऱ्यात पडला होता. गंजलेला, जागोजागी तारा सुटलेल्या. तो असता तर धरला असता का, असं मी मेकॅनिकला विचारलं. त्याने मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही आणि मी परत विचारलं नाही.

सातव्या मजल्यापासून खालपर्यंत उंची साधारण वीस मीटर. तेवढ्या उंचीवरून मोकळी पडलेली वस्तू दोन सेकंदांत खाली येते आणि टेकताना तिचा वेग तासाला सत्तर किलोमीटर असतो. हा हिशेब मी त्या रात्री करून पाहिला आणि मग झोप लागली नाही.

त्यानंतरच्या सभेत मी लिफ्टच्या खर्चावर एक शब्द बोललो नाही. सेक्रेटरीही बोलले नाहीत. लाल रेघेचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही, चेष्टेतसुद्धा नाही. ते आज आपल्यात नाहीत. त्यांचे आभार मानायचे माझ्याकडून राहून गेले, ते इथे मानतो.

लिफ्ट ही फक्त सोय नाही हे सरकारनेही फार पूर्वी ओळखलं. आपल्याकडे १९३९ पासून लिफ्टचा कायदा आहे, आणि आता २०१७ चा नवा कायदा लागू आहे. परवाना आणि तपासणी हे सक्तीचं आहे. इन्स्पेक्टर आले की आपण चहा देऊन लवकर मोकळं करायला बघतो. तसं करू नये. त्यांना मशिन रूमचं दार उघडून द्यावं, गव्हर्नरचा दोर दाखवावा, आणि कमिटीच्या एका तरी माणसाने बरोबर उभं राहावं.

रौप्यमहोत्सवी वर्षात दोन्ही विंगच्या लिफ्ट बदलायचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. कोटेशनं येतील. नवीन खजिनदार तरुण आहेत, हुशार आहेत, त्यांच्याही हातात पेन असेल. आतली फरशी, आरसा, पंखा, दिवे यांवर त्यांनी खुशाल घासाघीस करावी. जी वस्तू वर्षानुवर्षं काहीच करताना दिसत नाही, तिच्यावर रेघ मारण्यापूर्वी मात्र एकदा मशिन रूममध्ये जाऊन यावं.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या सभेच्या इतिवृत्तात माझा विरोध अजून नोंदलेला आहे. या लेखाने मी तो मागे घेतो.